काचेचा वर्ग, ओगलेवाडी: पहिल्या बॅचच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

शेड आजपासून ताब्यात आली. पत्र्याचं छप्पर उंच आहे, दोन बाजूंना खिडक्या आहेत, थ्री फेज वीज आहे आणि मागच्या भिंतीबाहेर सिलिंडर ठेवायला ओटा आहे. नानांनी आत पाऊल टाकल्याबरोबर वर पाहिलं. "गरम हवा जायला वाट आहे. चालेल," म्हणाले.

काम असं: काचेला कधीच हात न लावलेल्या चार जणांना सहा रविवारांत बर्नरवरची काच शिकवायची. शेवटी प्रत्येकाला नळी नीट तोडता यावी, टोकं ओढता यावीत, दोन नळ्या सरळ जोडता याव्यात, एकसारख्या जाडीचा फुगा फुंकता यावा, आणि केलेली वस्तू सावकाश थंड कशी करायची ते पक्कं समजावं. रंगीत मणी जमले तर तेही.

नाना कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात ग्लासब्लोअर होते. कंडेन्सर, व्हॅक्यूम लाइन, तुटलेल्या फ्लास्कला नवी मान, अशी कामं त्यांनी नोकरीभर केली. ते निवृत्त झाल्यावर ती जागा भरलीच नाही. आता तिथं काही फुटलं की नवीन मागवतात. मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. हे काम आमच्या घरातच संपू नये, म्हणून हा वर्ग.

जागा मुद्दाम ओगलेवाडीची घेतली. १९१६ पासून इथं ओगल्यांचा काच कारखाना होता, 'प्रभाकर' कंदील इथलाच. त्याआधी १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या निधीतला तो कारखाना, आणि तिथं काम शिकवलंही जायचं. नवख्या माणसाला काच शिकवणं आपल्याकडे नवीन नाही, मध्ये खंड पडला आहे एवढंच.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दिवसभर गॅसची लाइन केली.

दोन्ही सिलिंडर बाहेर, उभे, साखळीनं बांधलेले. एलपीजी व्यावसायिक, १९ किलोचा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर वर्गासाठी वापरायचा नाही, तो नियमात बसत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून भिंतीत खाली, जमिनीला लागून दोन झरोके पाडून घेतले. नुसता वरचा एक्झॉस्ट पंखा पुरत नाही. बाहेरची हवा पाठीमागून येऊन बर्नरवरून पुढं जाईल अशी पंख्याची जागा धरली, म्हणजे जळलेली हवा तोंडावर येत नाही.

एलपीजीच्या जोडणीला उलटे आटे असतात, ऑक्सिजनच्या सुलटे. त्यामुळे चुकीची नळी चुकीच्या रेग्युलेटरवर बसूच शकत नाही. तरी गॅसला लाल आणि ऑक्सिजनला निळी नळी घेतली, दोन्हींवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीतून उलटी सिलिंडरकडे जाऊ न देणारी झडप) बसवले. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल, ग्रीस, खोबरेल लागलेला हातसुद्धा लावायचा नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवाय पेट घेऊ शकतं. हे फळ्यावर सर्वात वर लिहिलं. साबणाच्या पाण्यानं सगळे जोड तपासले, कुठं बुडबुडा नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कोणत्या काचेनं सुरुवात करायची यावर नानांशी बराच वाद झाला.

माझं म्हणणं होतं, सोडा-लाइम घ्यावी. लवकर मऊ होते, रंग भरपूर मिळतात, लोकांना आवडेल. नानांचं म्हणणं: "अगं, नवखा माणूस कांडी थेट ज्योतीत घालणार. सोडा काच तडकून तोंडावर उडेल. पहिल्याच दिवशी तो घाबरला तर पुढं शिकेल काय?"

मुद्दा प्रसरणाचा आहे. लॅबमधली बोरोसिलिकेट काच तापली की फार थोडी पसरते, गुणांक ३.३. सोडा-लाइमचा साधारण ९ ते १०.४ (दोन्ही आकडे दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत). जास्त पसरणाऱ्या काचेचं एक टोक तापलेलं आणि दुसरं गार राहिलं की मध्येच फट् होतं. बोरो हे खपवून घेते. तिला मऊ व्हायला मात्र ८०० अंशांच्या वरची उष्णता लागते, म्हणजे ऑक्सिजन आलाच. याच फरकामुळे या दोन काचा एकमेकींना जोडता येत नाहीत. गरम असताना सुंदर जुळतात आणि गार होताना फुटतात.

नानांचं पटलं. पहिले तीन रविवार रंग नाही, फक्त पारदर्शक बोरो नळी आणि कांडी. मणी चौथ्या रविवारी.

दुसरा निर्णय थोडा अवघड होता. पहिल्याच दिवशी काहीतरी वस्तू घरी न्यायला द्यायची का? बऱ्याच ठिकाणी दोन तासांत एक पेंडंट हातात पडतं आणि माणूस खूश होऊन जातो. त्यात वाईट काही नाही, पण ते पेंडंट बहुतेक शिकवणाऱ्याचंच असतं. आम्ही पहिल्या दिवशी कुणाला काही देणार नाही. नाव नोंदवताना चौघांनाही हे स्पष्ट सांगितलं. एकानंही नाव काढून घेतलं नाही, याचं मला फार बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर, रविवार, पहिला वर्ग

चौघे जण: कराडातला एक तरुण सोनार, हायस्कुलातल्या विज्ञानाच्या बाई, कलाशाखेत शिकणारी एक मुलगी, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. पहिल्या तासाभरातच मी 'ताई' आणि नाना सगळ्यांचे 'नाना' झाले.

पहिला तास बर्नर बंद. सुती कपडे, बंद चामडी बूट, केस बांधलेले. ओढणी आणि नायलॉन काही नाही, कृत्रिम धागा पेटला की वितळून कातडीला चिकटतो. भाजलं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातलं काही नाही. आणि सर्वात महत्त्वाचं: गरम काच आणि गार काच दिसायला सारखीच. पाचशे अंशांची काच उजेडात लाल दिसत नाही. म्हणून प्रत्येकाच्या डाव्या हाताला आधाराच्या खाचा केल्या आहेत. गरम वस्तू फक्त तिथंच ठेवायची, आणि दुसऱ्याच्या खाचेतली काच कुणी उचलायची नाही.

मग नळी तोडणं. कानशीनं एकच खोल रेघ, घासत बसायचं नाही. रेघेवर ओलं बोट, रेघ आपल्यापासून लांबच्या बाजूला, दोन्ही अंगठे तिच्या मागं अलीकडच्या बाजूनं, आणि वाकवण्यापेक्षा ओढण्यावर जोर. सगळ्यांना जमलं.

त्यानंतर फिरवणं. या आठवड्याचं खरं काम हेच. दोन नळ्यांची टोकं कापडाच्या मऊ तुकड्यानं जोडून दिली. डावा हात वरून, उजवा हात खालून, आणि दोन्ही नळ्या अशा फिरवायच्या की मधल्या कापडाला पीळ पडू नये. तापलेली काच त्या कापडासारखीच असते. दोन हातांत जरा मागंपुढं झालं की पिळते. चौघांच्याही कापडाला पीळ पडला. घरी टीव्ही बघताना करा, असं सांगून नळ्या दिल्या. म्हणजे पहिल्या दिवशी घरी नेलं ते एवढंच.

शेवटी ज्योत. लावताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. प्रत्येकाकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं.

१ डिसेंबर, रविवार, दुसरा वर्ग

फिरवणं बरंच सुधारलंय. बँकेचे काका सगळ्यात पुढं, आठवडाभर सोडलं नाही म्हणे.

आज टोकं ओढणं, लॅबच्या भाषेत पॉइंट. नळीचा मधला भाग फिरवत तापवायचा, आधी तो आत आकसून जाड होऊ द्यायचा, ज्योतीबाहेर काढायचा, मग ओढायचं. ज्योतीत असताना ओढलं की केसासारखी तार निघते आणि तुटते.

सोनारदादाची ज्योतीची नजर पक्की आहे. पिवळी फुसफुशीत ज्योत म्हणजे गॅस जास्त, टोकदार सूं-सूं करणारी म्हणजे ऑक्सिजन जास्त, हे त्याला सांगावं लागलं नाही. पण डाक लावण्याच्या कामात उष्णता एका ठिकाणी नेमकी द्यायची असते, त्यामुळे त्याची ज्योत एकाच जागी थांबते. काचेला तसं चालत नाही, चारी बाजूंनी सारखं तापलं पाहिजे. त्याची सवय जाणार नाही आणि जायलाही नको, सांधा जोडताना ती कामालाच येईल.

मुलीनं विचारलं, "ताई, व्हिडिओत लांब फुंकनळीनं भट्टीतला गोळा उचलतात, तसं आपण कधी?" तिला सगळं सांगितलं, कारण प्रश्न रास्त आहे. तशा भट्टीत वितळलेली काच ११०० अंशांच्या आसपास रात्रंदिवस ठेवावी लागते. भट्टी रोज विझवून रोज पेटवता येत नाही, मूस तडकते. म्हणजे वर्ग रविवारी आणि इंधन सातही दिवस. व्हेनिसनं १२९१ मध्ये आगीच्या भीतीनं काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, त्या याच जातीच्या. कारखान्याबाहेर एकट्या कलावंताला पेलेल अशी छोटी भट्टी १९६२ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो कला संग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन आणि डॉमिनिक लॅबिनो यांनी चालवून दाखवली. फायबरग्लाससाठी बनणाऱ्या काचेच्या गोट्या वितळवून त्यांनी काम केलं. आज जगभर दिसणारे काचेचे स्टुडिओ त्या कार्यशाळेतून वाढले. आपण बर्नरवर बसतो कारण बर्नर बंद करता येतो. फिरवणं, थांबणं, फुंकणं, गार करणं दोन्हीकडे तेच आहे.

४ डिसेंबर, बुधवार

पुर्दिलनगरहून रंगीत कांड्या आल्या. उत्तर प्रदेशातलं हाथरसजवळचं हे गाव मण्यांचं आहे, घरोघरी बर्नर चालतात. रंग अतिशय देखणे आहेत, पण कांड्यांवर गुणांक लिहिलेला नसतो, त्यामुळे आपणच तपासायचं.

धाग्याची चाचणी: दोन रंगांच्या कांड्या शेजारी शेजारी वितळवून चिकटवायच्या आणि त्यांचा एकत्र लांब धागा ओढायचा. धागा गार झाल्यावर सरळ राहिला तर दोन्ही काचा जुळतात. वाकला तर ज्या बाजूला वाकला त्या बाजूची काच जास्त आकसते. काळा, पांढरा, निळा आणि हिरवा सरळ आले. पिवळा चांगलाच वाकला. पिवळ्याचे मणी निखळ पिवळेच करायचे, दुसऱ्या रंगावर ठिपका म्हणून नाही.

केलेली काच सावकाश गार करायची जी भट्टी आहे, तिचं तापमानही अंदाजानं ठरवायचं नव्हतं. दोन विटांवर कांडी आडवी ठेवून तापमान हळूहळू चढवलं आणि ती कधी झोल खाते ते पाहिलं. त्याच्या थोडं खालचं तापमान धरलं.

८ डिसेंबर, रविवार, तिसरा वर्ग

आज पहिल्यांदा फुंकर. सगळे याचीच वाट बघत होते.

नळीचं टोक गोल बंद करायचं, तापवून तिथं काच जमू द्यायची, बाहेर काढायचं, फुंकायचं. सांगायला इतकं सोपं. पहिल्या फेरीत सगळ्यांचे फुगे एका कुशीला निघाले, दोघांचे पापुद्र्यासारखे पातळ होऊन फुटले. हे होणारच होतं, आणि ते का होतं हे आज पुरतं समजावून सांगितलं.

ज्योतीतून काढल्याबरोबर फुंकलं की जिथं भिंत सगळ्यात मऊ आहे तीच जागा फुगते. ती पातळ होते, पातळ झाली म्हणून पुन्हा तापवताना जास्त तापते, आणि पुढच्या फुंकरीला तिथंच फुटते. पण क्षणभर थांबलं, फिरवणं चालू ठेवून, तर उलटं होतं. पातळ भाग आधी गार होतो आणि ताठ होतो, जाड भागात उष्णता अजून असते. आता फुंकर जाड भागाला पसरवते. भिंत सारखी करण्याचं काम काच स्वतः करते, माणसानं तिला तेवढा वेळ द्यायचा. माझ्या मते काच शिकण्यात याहून मोठं काही नाही. आकार, रंग, नक्षी हे सगळं या एका क्षणानंतर येतं.

पण तो क्षण किती, हे सांगता येत नाही. नळीची जाडी, ज्योतीची ताकद, पंख्याचा वारा, सगळ्यांवर तो बदलतो. नाना प्रत्येकाच्या मागं उभे राहून "आत्ता" म्हणत होते आणि त्यांच्या "आत्ता"वर फुंकलेले फुगे सगळे गोल आले. मग त्यांनी बोलणं बंद केलं, आणि फुगे पुन्हा कुशीला.

दुपारनंतर आम्ही पद्धत बदलली. जोड्या केल्या. एकानं काच धरायची आणि शेजाऱ्यानं "आत्ता" म्हणायचं. स्वतःच्या काचेकडे बघताना हातांकडेच लक्ष जातं, दुसऱ्याच्या काचेकडे बघताना फक्त काच दिसते: चमक कशी मंदावते, लोंबणारं टोक कसं सावरतं. विज्ञानाच्या बाई यात विलक्षण निघाल्या. त्यांचा स्वतःचा फुगा अजून वाकडा येतो, पण त्यांच्या "आत्ता"वर सोनारदादानं लिंबाएवढा नितळ गोळा फुंकला. ही जोड्यांची पद्धत कायम ठेवायची.

११ डिसेंबर, बुधवार

भट्टी चालू असताना रात्री वीज गेली. आत रविवारचे फुगे होते, ५६५ अंशांवर. दार उघडायचं नाही, एवढंच करायचं असतं. जाड विटांची भट्टी आहे, तापमान सावकाशच उतरत राहिलं.

यावरून कंट्रोलर नीट लावून घेतला. वीज परत आल्यावर तो एकदम पूर्ण ताकदीनं चढता कामा नये, आहे त्या तापमानापासून ठरलेल्या वेगानं वर जाऊन पुन्हा पहिल्यापासून ॲनीलिंग (ठरलेल्या तापमानाला धरून मग सावकाश गार करणं) करावं. दोनदा ॲनीलिंग झाल्यानं काचेचं काही बिघडत नाही, अर्धवट राहिलेल्यानं बिघडतं.

१५ डिसेंबर, रविवार, चौथा वर्ग

मणी. केओलिन आणि अ‍ॅल्युमिनाचा लेप दिलेल्या स्टीलच्या सळईवर रंगीत काच गुंडाळायची. इथं सोडा काच आहे, म्हणून कांडी आधी ज्योतीच्या वर, लांब धरून तापवायची आणि मगच आत. तापलेल्या काचेतल्या सोडियमच्या पिवळ्या झगमगाटात काच दिसत नाही, त्यासाठी डिडिमियमचे चष्मे. ते ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा नेमका तोच पिवळा प्रकाश शोषतात. चष्मा घातल्याबरोबर मुलगी ओरडलीच, "अय्या, आता काच दिसतेय!"

तिच्या निळसर हिरव्या मण्यावर विटकरी पापुद्रा आला. त्या रंगात तांबं असतं, गॅस जास्त झाला की ते वर लाल होऊन बसतं. तिला तो आवडला, तिनं तसाच ठेवला.

दुपारी तिचे आजोबा बघायला आले. उमेदीत ते इथल्याच कारखान्यात होते. चहासुद्धा न घेता सगळ्या शेडभर नजर फिरवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गार करायची भट्टी कुठाय?" दाखवली. दार किती घट्ट बसतं ते हात फिरवून पाहिलं, मग खुर्चीत बसले. "पोरगं नवीन आलं की आधी गरम माल तिकडं नेऊन ठेवायला लावायचे. नळीला हात लावायला लई दिवस लागायचे," म्हणाले. नाना आणि ते संध्याकाळपर्यंत बोलत होते.

२२ डिसेंबर, रविवार, पाचवा वर्ग

सरळ जोड. सोनारदादाची टोकदार ज्योत इथं कामाला आली. बाकीच्यांचे जोड जाड येतायत, पण गळत नाहीत.

२९ डिसेंबर, रविवार, सहावा वर्ग

आज परीक्षा वस्तूंची, आणि ती विद्यार्थ्यांनीच घ्यायची.

काच पटकन गार झाली की वरची कातडी आधी ताठ होते, आतली काच नंतर आकसते, आणि दोघींमधली ओढाताण आत तशीच अडकून राहते. वस्तू दिसायला निर्दोष असते. महिन्यानं ओट्यावर ठेवताना एक ओरखडा पडतो आणि तिचे दोन तुकडे होतात. हा ताण बघायला महागडं यंत्र लागत नाही. एलसीडी मॉनिटरचा पांढरा पडदा घेतला, कारण त्यातून येणारा प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेनं कंप पावणारा असतो. समोर पोलरॉइड फिल्म धरून पडदा काळा होईपर्यंत फिरवली आणि मध्ये काच धरली. ताण नसलेली काच काळीच राहते. ताण असेल तर ती उजळते, आणि तीही जिथं ताण आहे नेमकी तिथंच.

मुद्दाम एक जोड भट्टीत न घालता ठेवला होता. तो पडद्यासमोर धरल्याबरोबर सांध्याभोवती पांढरा पट्टा चमकला. बाईंनी तो हातात घेऊन कितीतरी वेळ फिरवून पाहिला. "हे मुलांना दाखवायला हवं," म्हणाल्या. शाळेच्या संगणक खोलीत हे करता येईल, फिल्म आम्ही देऊ.

मग प्रत्येकानं आपापल्या वस्तू पाहिल्या. बँकेच्या काकांनी सुनेसाठी संक्रांतीची भेट म्हणून एक छोटी फुलदाणी केली होती, बुडाशी बरीच जाड. तिच्या बुडात उजेड दिसला. मी म्हटलं, "काका, फार थोडा आहे, नेली तरी चालेल बहुधा." त्यांनी ती परत माझ्या हातात दिली. "बहुधा नको, ताई. अजून एकदा घाला. संक्रांतीला वेळ आहे." जाड बूड म्हणजे आत उष्णता शिरायला आणि निघायला जास्त वेळ. तिला ५६५ वर दुप्पट वेळ ठेवायचं आणि ५१० पर्यंत फार सावकाश उतरवायचं ठरवलं.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

फुलदाणी काढली, पडद्यासमोर पूर्ण काळी. काकांना फोन केला.

पुढच्या बॅचसाठी ठरलेलं: सहाऐवजी आठ रविवार, वाढलेले दोन्ही फुग्यासाठी. जोड्यांनी "आत्ता" म्हणणं पहिल्या फुंकरीपासून. पोलरॉइडचा पडदा शेवटच्या दिवशी नाही, दुसऱ्याच वर्गात, म्हणजे भट्टी कशासाठी आहे ते आधीच डोळ्यांना दिसेल. बाई आणि सोनारदादा पुढं शिकायला रविवारी येणारच आहेत, त्यांना फी नाही, नवख्यांच्या मागं उभं राहायचं. पिवळ्या कांड्या वेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी लावून. बोरोची ८ आणि १२ मिलिमीटरची नळी संपत आली आहे, सोमवारी मागवायची.